पाथरवट आळीची हातभिंत

तलावाच्या खालच्या अंगाला, पाथरवट आळी जिथे संपते तिथे, एक लांबलचक दगडी भिंत आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावर माणसं रंगवलेली आहेत, पांढऱ्या चुन्यावर गेरू आणि काजळीने. कुणी घण उचलला आहे, कुणी डोक्यावर पाटी घेतली आहे, कुणी नुसतंच बसून विडी ओढतं आहे. पण प्रत्येकाचा एक हात भलताच मोठा, अगदी खऱ्या माणसाच्या हाताएवढा, आणि बाकीचं अंग त्याच्या आडोशाला कसंबसं मावलेलं. चेहरा कुठे लिंबाएवढा, तर कुठे मुळी नाहीच.

नवखी माणसं हे बघून हसतात. एकदा एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "प्रमाण अगदीच चुकलंय हो!" भिंत दाखवायला आळीतले सायबण्णा होते. वय ऐंशीच्या घरात आणि स्वभाव पहिल्यापासून तिखट. ते म्हणाले, "चुकलंच हाय. बसा त्या दगडावर. कसं चुकलं त्ये ऐका, मग हसायचं तर हसा."

सायबण्णा सांगतात ती गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी हा तलाव बांधायला म्हणून ही दगडफोडी माणसं खालच्या मुलखातून आली. काम लांबलं. मुलं इथेच जन्मली, म्हातारे इथल्याच मातीत गेले, आणि तलाव भरला तेव्हा परत जायला गाव उरलं नव्हतं. घरात एक बोली, बाजारात दुसरी; आईला घरात अव्वा म्हणत. इथले लोक त्यांना परमुलखाचे म्हणत. लग्नाकार्याला जुन्या मुलखात गेले, तर तिकडचे म्हणत, आले वरच्या अंगाचे पाहुणे. थोरांनी हे हसण्यावारी नेलं. तरण्या पोरांना मात्र ते लागायचं. बाजाराकडे निघाली की ती घरची बोली उंबऱ्यातच ठेवून जात, आणि कुणी विचारलं तर आपलं गाव भलतंच सांगत.

या आळीत तिमाप्पा नावाचा कारागीर होता. देवळाच्या खांबावर वेल कोरावी ती त्यानेच, असा त्याचा लौकिक. सुरुंगाच्या कामात त्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि छिन्नी सुटली. सहा महिने तो दारात बसून राहिला. मग एक दिवस डाव्या हातात कोळसा घेऊन त्याने या भिंतीवर एक बैल काढला. बैल कुत्र्यासारखा दिसत होता म्हणे. पण पोरं जमली, आणि तिमाप्पाने त्या बैलाची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून रोज दिवस कलायला लागला की भिंतीशी गर्दी. आधी तो राजाराण्यांच्या गोष्टी सांगायचा. एकदा रंगव्वा नावाच्या पोरीने मध्येच विचारलं, "काका, राजानं वाडा बांधला म्हनतोस, मग दगड कुनी आनलं?" पन्नास वर्षं दगडात घालवलेल्या माणसाला हे सुचू नये, याची तिमाप्पाला मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून राजे गेले आणि भिंतीवर आळीतली माणसं आली. दगडाला कान लावून त्याची शीर ओळखणारा म्हातारा आला. बाळाला पाटीत निजवून खडी फोडणारी बाई आली. आता लहानांच्या मागे तरणी पोरंही येऊन उभी राहू लागली. न ऐकल्यासारखं करत, पण ऐकायची.

त्यांच्यात येल्लू सगळ्यात हुशार. एकोणीस वर्षांचा, बोलायला गोड, रेघ काढायला तिमाप्पाहून सरस. तिमाप्पाला मूलबाळ नव्हतं. त्याचा सगळा जीव या पोरात. येल्लू बाजारात कापडाच्या दुकानी कामाला लागला, तर तिमाप्पाने आळीभर गूळ वाटला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तिमाप्पा गेरू आणायला बाजारात गेला होता. त्याच वेळी येल्लूची आई दुर्गव्वा दुकानासमोर आली. पोरगं भाकरी घरीच विसरलं म्हणून खाणीवरून तशीच उठून आली होती, केसांत दगडाची भुकटी, हातांना चिंध्या बांधलेल्या. दुकानाच्या मालकाने विचारलं, "ही कोण रे?"

येल्लू कापड मोजता मोजता म्हणाला, "असेल कुणी. तळ्याकडची दिसते."

दुर्गव्वाने ऐकलं. तिने भाकरीचं फडकं पायरीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि आल्या वाटेने निघून गेली. तिमाप्पा पलीकडच्या दुकानात उभा होता. त्यानेही ते ऐकलं.

तो गेरू न घेताच परतला आणि आळीच्या देवीपुढे उभा राहिला. म्हणाला, "आई, ह्या आळीचं लेकरू चारचौघांत आपल्या अव्वाला अव्वा म्हनत न्हाई. जवर ते म्हनत न्हाई, तवर मी तोंड उघडनार न्हाई." दिवा लावायला आलेल्या बाईने हे ऐकलं. पण लेकरू कोणतं, हे काही त्याने सांगितलं नाही.

झालं! आळीत एकच गडबड. कारण प्रत्येक पोराला वाटलं, म्हातारा बोलतोय तो मीच. कुणी जत्रेत आईला ओळख दिली नव्हती, कुणी बापाच्या चार पावलं मागून चालला होता. त्या आठवड्यात पाणवठ्यावर, बाजारात, जिथे तिथे पोरं बेंबीच्या देठापासून "अव्वा! अव्वा!" ओरडत होती. आया घाबरल्या, म्हणाल्या, हे काय भलतं खूळ? पण तिमाप्पाचं तोंड बंद ते बंदच. ज्याने हाक मारायला हवी होती तो खाली मान घालून दुकानी जात होता आणि खाली मान घालून येत होता. दुर्गव्वा त्याला वेळेवर जेवायला वाढायची आणि एका शब्दाने विचारायची नाही. तेच त्याला सोसेना.

तिमाप्पाने भिंतीवर एक हात काढला. चिंध्या बांधलेला, त्यात भाकरीचं फडकं. माणूस काढलंच नाही. पोरं विचारायची, "काका, कुनाचा?" तो गप्प. मग रंगव्वा म्हणाली, "तू सांगू नगंस, मी सांगते. माझ्या अव्वाचा हाय." आणि तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली, अडखळत, मध्येच रडत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी सांगितली. असे तीन महिने गेले. तिमाप्पा मुका झाला आणि आळीतली पोरं बोलायला लागली, असं सांगतात. घरच्या बोलीत, मोठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं.

येल्लू लांब पिंपळाखाली उभा राहून ऐकायचा. जवळ यायचा नाही.

पौषातल्या शेवटच्या मंगळवारी देवीची जत्रा असते. अख्खा गाव तळ्यावर लोटतो. त्या दिवशी भर दुपारी येल्लू भिंतीशी आला. कापडदुकानाचा मालक तिथेच होता. तो म्हणाला, "ह्यो हात माझ्या अव्वाचा हाय. ती मला भाकरी घिऊन आलती. आन मी म्हनलं, असेल कुनी." मग तो गर्दीत शिरला, आईला हाताला धरून घेऊन आला आणि मालकासमोर उभं करून म्हणाला, "ही माझी अव्वा."

मालकही चांगला माणूस. त्याने पागोट्याला हात लावून रामराम केला.

येल्लूने गेरू घेतला. आईचं चित्र काढायचं, तर बेताने काढावं की नाही? तिमाप्पाने काढलेल्या हाताशेजारी भिंतीवर जागा होती जेमतेम वीतभर. पण हा पाथरवटाचा पोर. दगड मापायचा तर आधी हात लावायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने आईचा पंजा भिंतीवर ठेवला आणि भोवतीने रेघ मारली. मग लक्षात आलं, जागा हातानेच खाल्ली. चेहऱ्याला उरली बोटभर. येल्लू रडवेला झाला आणि फडक्याने पुसायला निघाला.

दुर्गव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं. तोंड काय, रोज तळ्यात दिसतंय. माझा हात कुनी काढला न्हवता."

तेव्हा तिमाप्पा हसला. तीन महिन्यांनी त्याचा आवाज फुटला, तोही घोगरा. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तो येल्लूला म्हणाला, "सकाळपासनं काय खाल्लंस का न्हाई?" एवढंच.

त्या वर्षापासून हा रिवाज पडला. आजही पौषातल्या त्या मंगळवारी आळीतलं जे पोर सोळाव्यात लागतं, ते आपल्या आईचा नाहीतर बापाचा हात भिंतीवर ठेवून आधी त्याची रेघ मारतं. उरलेल्या जागेत माणूस मावेल तेवढा. मग त्या माणसाची गोष्ट त्याने घरच्या बोलीत सांगायची. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी ब्र काढायचा नाही. सायबण्णांना हे फार जड जातं, पण तेही पाळतात.

आता आळीतली पोरं नर्स झाली, शाळेत शिकवायला लागली, पुण्याला गेली, तरी त्या दिवशी येतात. आया अजून लाजतात. भिंतीपुढे उभं केलं की पदराआड मूठ आवळून धरतात, म्हणतात, "नगं गं, लई खराब हाय हात." मग पोरगी ती मूठ एकेक बोट करून उघडते, पंजा भिंतीवर सपाट ठेवते, आणि जमलेल्या गावाला सांगते की ही माझी अव्वा.