ताटातली रिकामी लहर

शंखगड संस्थानात बोलायला हवा शिल्लक नव्हती!

वारा होता, खाडीवर धुकं होतं, हवा हवी तेवढी होती. पण लढाई संपली, पलटणीचे जुने वायरलेस संच भंगारात विकायला निघाले, आणि दिवाण दाजीसाहेबांनी फर्मान काढलं: संस्थानच्या हद्दीतली हवा महाराजांची! धंद्यासाठी वायरलेसवर बोलायचं असेल, तर लहरीचा परवाना घ्यावा. एक लहर, एक मालक, आणि तोही तहहयात!

काही लहरी महाराजांसाठी राखीव राहिल्या; बाकीच्या फर्मानाची शाई वाळायच्या आत वाटून संपल्या. सगळ्यात जास्त मिळाल्या कौलांचे व्यापारी बापूशेठ कोरगावकर यांना. ते दिवाणांचे साडू होते, हा निव्वळ योगायोग!

आवडा तांडेलला मात्र एकही मिळाली नाही. तिच्या दोन लाँचा खाडीच्या मुखावरून उतारू नेत-आणत. पौषातल्या धुक्यात पुढच्या लाँचला खडक दिसला, पण मागच्या लाँचला ते कळवणार कसं? मागची लाँच खडकावर गेली. उतारू बचावले, लाँचही डागडुजीने सावरली, आवडाच्या नवऱ्याचा, रावजीचा, पाय मात्र फळ्यांत चिरडला. तेव्हा आवडाने भंगारातून दोन संच आणले आणि परवान्यासाठी कचेरी गाठली.

"हवा भरली, बाई!" दाजीसाहेब म्हणाले. "मोहरी ठेवायला जागा नाही."

"मोहरी कुठे ठेवायचीय, साहेब? 'खडक आहे, थांब' एवढंच तर बोलायचंय!"

"परवान्याशिवाय बोललीस तर संच जप्त! ऐकायचं तेवढं ऐक."

आवडा थेट दरबारात गेली. अमृतराजे महाराज हट्टी. एकदा नाही म्हणाले की नाहीच! त्यांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी हवा भरल्याचं सांगितलं. महाराज मिशीवर हात फिरवत म्हणाले, "ऐकलंस? तरी जागा आहे म्हणतेस? मग परवा एक रिकामी लहर ताटात घालून माझ्यासमोर ठेव. ठेवलीस तर लहर तुझी. नाही ठेवलीस, तर दोन्ही लाँचा सरकारजमा!"

दरबार खो-खो हसला. हवा कुणी ताटात वाढलीय का कधी!

आवडा घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. लाँचा गेल्या तर खायचं काय? रावजी खाटेवर पडल्या पडल्या संचाची खुंटी पिळत होता. वैतागून म्हणाला, "कसला भिकार संच आणलास गं! तीन दिवस ऐकतोय. कुणी बोलेल तर शपथ!"

आवडाने त्याच्याकडे पाहिलं, संचाकडे पाहिलं, आणि एकदम हसायलाच लागली.

"अगं, लाँचा चालल्यात आणि तू हसतेस काय?"

"तुम्ही खाटेवर पडून लाँचा वाचवल्यात, म्हणून हसते!"

ठरल्या दिवशी ती दरबारात आली. हातात पितळी ताट, ताटात वायरलेस संच.

"लहर कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"वाढते, महाराज!" तिने खुंटी फिरवली. संच खरखरला आणि तसाच खरखरत राहिला. "दिवाणसाहेब, ही लहर कुणाची?"

"बापूशेठची," दाजीसाहेब गुरगुरले.

"यावर तर कुणीच बोलत नाही!"

"माझी माणसं जेवायला गेली असतील!" बापूशेठ ओरडले.

आवडाने खुंटी पुढे सरकवली. पुन्हा नुसती खरखर. "आणि ही?"

"तीही बापूशेठची."

"इथलेही जेवायला? शेठ, तुमच्याकडे कामाला कधी असतात हो?"

दरबारात खसखस पिकली. महाराज पुढे झुकले. "शेठ, लहर तुमची आहे ना? मारा हाक!"

बापूशेठनी घसा खाकरला. "हॅलो!" खरखर. "हॅलो! मी स्वतः बोलतोय!" खरखर! कपाळावरचा घाम पुसत ते मागे सरले.

"तुमचे संच आहेत कुठे?"

"वखारीत, महाराज. खारी हवा लागू नये म्हणून पेटीत घालून खिळे ठोकलेत."

"मग लहरी घेतल्यात कशाला?"

"मी नसत्या घेतल्या तर दुसऱ्या कुणी घेतल्या असत्या!"

आवडाने ताट पुढे सरकवलं. "महाराज, आपण एक रिकामी लहर मागितली होती. इथे तर पंगत उठेल एवढ्या आहेत! मला एकच द्या. खाडीतल्या सगळ्या लाँचा तिच्यावर बोलतील."

"सगळ्या एकाच लहरीवर?" दाजीसाहेबांना जोर चढला. "एकमेकींवर आदळतील!"

"साहेब, धक्काही एकच आहे. एक लाँच सुटते, मग दुसरी लागते. धक्का कुणा एकाला तहहयात दिलात, तर बाकीच्यांनी उतारू पाण्यात उतरवायचे?"

महाराजांचा चेहरा गंभीर झाला. "आता माझ्या राखीव लहरी लाव. त्याही रिकाम्याच निघतात का, बघू दे!"

दिवाणांचा चेहरा पांढराफटक पडला. आवडाने खुंटीवरचा हात काढून घेतला.

"ते काही गरजेचं नाही, महाराज. आपली लहर रिकामी कशी जाईल? आपल्याला एक लहर आली, की अख्खं संस्थान आठ दिवस धावपळ करत असतं!"

मग महाराज असे गदगदून हसले की मंदिल डोळ्यांवर आला. हसणं आवरेना, तसे ते हातानेच थांबा-थांबा म्हणाले.

"बाई, माझ्या राखीव लहरींतली एक तुझ्या लाँचांना दिली! आणि दाजीसाहेब, जी लहर मुकी, ती आजपासून सरकारजमा. जो बोलेल त्याला द्या. जप्तीची सुरुवात साडूंपासून!"

"जशी आज्ञा," दिवाण पुटपुटले.

"अजून आज्ञा संपली नाही. ताट जड दिसतंय. संचासकट उचला, आणि बाईंना धक्क्यापर्यंत पोचवून या!"