सोमकीर्तीचे निर्विरोध साम्राज्य

पूर्वी त्रेतायुगाच्या उत्तरार्धात, जेव्हा पर्जन्य ऋतूला धरून पडत असे आणि राजे स्वतः रथारूढ होऊन दिग्विजयास निघत, तेव्हा वेगवती नदीच्या तीरावर हिरण्यतटी नावाची नगरी होती. तेथे सोमकीर्ती नावाचा महापराक्रमी राजा राज्य करीत असे. पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंतच्या नृपतींचे मुकुट त्याच्या पादपीठाशी नमले होते. त्याला देवव्रताप्रमाणे निष्ठावान असे दोन पुत्र होते. ज्येष्ठ वीरव्रत सेना सांभाळी. कनिष्ठ शुभव्रताला मात्र शस्त्रापेक्षा नद्या, अरण्ये आणि भूमी यांचा लळा अधिक होता. सभेत तो निर्भयपणे म्हणे, "तात, आपण येथे चुकता आहात," आणि राजा कधी रागावून, कधी हसून, पण बहुधा त्याचे ऐकत असे.

दिग्विजय संपवून परतल्यावर राजाने विजयस्तंभ उभारण्याची आज्ञा दिली. पाया खणताना भूगर्भात एक भग्न स्तंभ सापडला. त्याच्याखाली दुसरा आणि त्याच्याही खाली तिसरा. तिन्हींवर निरनिराळ्या लिपींत एकच वाक्य कोरलेले होते : 'चंद्रसूर्य असेपर्यंत हे राज्य राहील.' ते वाचून राजाचे अन्नावरचे मन उडाले. त्याने काम थांबवले आणि तो एकटाच कालपर्ण ऋषींच्या आश्रमात गेला.

कालपर्ण ऋषी किती युगे जगले होते हे कोणास ठाऊक नव्हते. त्यांच्या आश्रमाभोवती पिंपळ आणि बिल्वांची दाट राई होती, हरिणे निःशंकपणे होमशाळेच्या उंबरठ्यावर निजत, आणि शिष्यांच्या सामगायनाने ओढ्याचा खळाळही दबून जाई. राजाने साष्टांग प्रणिपात करून विचारले,

"भगवन्, माझ्या नगरीखाली कोणाची साम्राज्ये पुरलेली आहेत? ती कशी उदयास आली आणि कशी लयास गेली?"

ऋषी म्हणाले, "राजन्, सर्वांत खालचा स्तंभ वज्ररोमा दानवाचा. त्याने भयाने पृथ्वी जिंकली आणि भयानेच राखली. एके दिवशी त्याच्या भयाने त्रस्त झालेल्या अंगरक्षकांनीच त्याचा वध केला. त्याच्यानंतर चित्रकेश गंधर्व आला. वज्ररोम्याचा अंत त्याने पाहिला होता, म्हणून त्याने प्रजेला दंडाऐवजी सुख दिले. नृत्य, गीत, सुगंध, मद्य! तीन पिढ्यांत त्याच्या वंशजांना धनुष्य उचलेनासे झाले, आणि पर्वतातून उतरलेल्या रानटी टोळ्यांनी नगरी जाळली. तिसरा धर्मसेतू. त्याने चित्रकेशाचा अंत पाहिला होता, म्हणून तो विलासापासून दूर राहिला आणि केवळ न्यायाने वागला. न्यायाने वागायचे म्हणून त्याने चारही पुत्रांना समान राज्य वाटून दिले. त्या चौघांनी एकमेकांचा संहार केला."

सोमकीर्तीने दीर्घ श्वास घेतला. "भयाने तर मी राज्य करीत नाही. म्हणजे शत्रू, विलास आणि कलह ही तीन द्वारे उरतात. ही तिन्ही बंद केली की साम्राज्य अक्षय होईल."

"राजन्," ऋषी खिन्नपणे म्हणाले, "मी तुला कारणे सांगितली नाहीत, घडले ते सांगितले. त्यांतील पुढच्या प्रत्येकाला आधीच्याचे द्वार दिसले होते. प्रत्येकाने ते बंद केले होते."

परंतु राजाचे चित्त ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. आश्रमातूनच तो हिमाच्छादित पर्वताकडे निघाला. तेथे बारा वर्षे त्याने एका पायावर उभे राहून भूदेवीची आराधना केली. अखेर पर्वत दुभंगला आणि हरितवस्त्रा, सागरमेखला अशी पृथ्वी साक्षात प्रकट झाली.

"वत्सा, वर माग. मात्र अक्षय राज्य मागू नकोस, कारण ते माझ्यापाशीही नाही."

"माते," राजा हात जोडून म्हणाला, "मग एवढेच दे. माझ्या राज्यावर परचक्र येऊ नये. माझे कुळ विलासात बुडू नये. आणि माझ्या कुळात व माझ्या सभेत कोणाही दोघांत विरोध उत्पन्न होऊ नये."

भूदेवी म्हणाली, "तिसरा पुन्हा एकदा विचार करून माग."

"विचार करूनच मागितला आहे."

"तथास्तु," ती म्हणाली. पण तिच्या मुखावर प्रसन्नता नव्हती.

राजा परतला आणि वर तत्काळ फळाला आला. सीमेवरचे शत्रू आपापल्या देशांत स्वस्थ बसले. राजगृहातील कोणालाही मद्याची वा द्यूताची रुची उरली नाही. सभेत राजा एखादा विचार मांडी आणि सर्व अमात्य एकस्वराने म्हणत, "महाराज योग्य तेच बोलतात." वीस वर्षे लोक त्या राज्याला भूलोकीचे वैकुंठ म्हणत. शुभव्रतही सभेत हसतमुखाने मान डोलवी, आणि राजाला वाटे की वयाबरोबर पुत्र शहाणा झाला.

मग अनावृष्टीचे दिवस आले. तीन वर्षे पाऊस नाममात्रच पडला. राजाने निश्चय केला की वरच्या खिंडीत मोठा बंधारा घालून वेगवतीचे सर्व जल अडवायचे. शुभव्रताला ती खिंड हाताच्या तळव्यासारखी माहीत होती. तेथली उत्तरेकडची दरड राखेसारख्या मऊ मातीची होती. पाण्याचा भार आला की ती विरघळणार हे तो लहानपणापासून जाणत होता. तो सभेत उभा राहिला. त्याने तोंड उघडले. त्याचे ओठ थरथरले, कपाळावर घाम आला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"बोल वत्सा," राजा म्हणाला.

"महाराज... योग्य तेच बोलतात," शुभव्रत म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले.

राजाला ते हर्षाश्रू वाटले.

बंधारा पूर्ण झाला, आणि पुढल्या वर्षी मेघ परतले. खिंडीत पाणी चढू लागले. तेव्हा शुभव्रत पित्याच्या पायांवर मस्तक ठेवून म्हणाला, "तात, बंधाऱ्याच्या पायथ्याशी जे गाव आहे, तेथे पत्नी आणि मुलांसह राहण्याची मला अनुज्ञा द्यावी."

विरोधाचा एक शब्दही त्याला उच्चारता येत नव्हता. म्हणून जे उच्चारता येत होते त्यातून पित्याने ओळखावे, एवढीच त्याची आशा होती. तो कितीतरी वेळ वर पाहत राहिला.

राजाचे हृदय अभिमानाने भरून आले. तो सभेकडे वळून म्हणाला, "पाहा! माझ्या बांधकामावर माझ्या पुत्राचा केवढा विश्वास! जा वत्सा, सुखाने राहा."

श्रावणातील सप्तमीला, भर मध्यान्ही, उत्तरेची दरड विरघळली. प्रलयकालीन मेघांप्रमाणे गर्जना करीत वेगवती खाली कोसळली. पायथ्याचे गाव तिने पहिल्याच लाटेत गिळले. मग शेते, घाट, देवालये आणि हिरण्यतटीची अर्धी नगरी. पाणी ओसरल्यावर शुभव्रताचा देह एका बाभळीच्या जाळीत सापडला. त्याने लहान मुलीला उपरण्याने पाठीशी बांधले होते.

राजाने भूमीवर मस्तक आपटून आक्रोश केला. "माते, तू मला फसवलेस! हे का केलेस?"

भूदेवीचा स्वर चिखलातून उमटला. "मी तुला मागितले ते दिले. शत्रू आला नाही, विलास आला नाही, विरोधही झाला नाही. माझ्या पाठीवर राज्ये येतात आणि जातात, राजा. मी कोणालाही पाडत नाही."

"मग हा वर परत घे!"

"दिलेला वर परत घेणे मलाही शक्य नाही."

उरलेली प्रजा देशोधडीला लागली. ज्या प्रांतांत अन्न होते ते प्रांत, न लढता, एकेक करून वेगळे झाले. ओसाड सभागृहात सोमकीर्ती आणि वीरव्रत दोघेच उरले. एके सकाळी वृद्ध राजाने पुत्राचे दोन्ही हात धरले.

"वीरव्रता, शुभव्रताला मी मारले. एकदा तरी म्हण की मी चुकलो."

वीरव्रताने मान लववली. "महाराज योग्य तेच बोलतात."

"तसे नव्हे रे! मी बोललो म्हणून नव्हे. तुला काय वाटते ते सांग. की मी चुकलोच नाही?"

"महाराज योग्य तेच बोलतात."

राजाने त्याच्या डोळ्यांत पाहिले. तेथे भावाचा शोक होता, पित्याविषयीचा क्रोधही होता. पण जिव्हेपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नव्हते. सोमकीर्तीने त्याचे हात सोडले. त्यानंतर तो कोणाशीही बोलला नाही, आणि त्याच संवत्सरात त्याचा देह पडला.

तो वंश नष्ट झाला, वेगवतीने पात्र बदलले, पण पृथ्वीने दिलेला वर कोणी परत घेतला नाही. कुळ उरले नाही म्हणून तो सिंहासनांना चिकटला, असे ज्ञाते सांगतात. म्हणूनच आजही राजा कोणीही असो, त्याच्या आसनासमोर उभे राहिल्यावर जाणत्याची जीभ जड होते, आणि राजाला वाटते की सर्वांना आपले म्हणणे पटले आहे.