अंग आवळून बसलेला काटा

तारांवर रबराऐवजी सुती दोरा गुंडाळायचे, त्या काळची गोष्ट. एका शाळेतल्या प्रयोगाच्या टेबलावर विजेचा प्रवाह अडवणाऱ्या चार रोधांचा सेतू मांडलेला असे आणि त्याच्या मधोमध, काचेच्या डबीत एक काटा राही. दोन्ही बाजूंचा तोल चुकला की मधल्या तारेतून प्रवाह धावायचा, काट्याला गुदगुल्या व्हायच्या आणि तो खिदळत डावीउजवीकडे नाचायचा.

दाभोळे बाई चौथा रोध कमीजास्त करत राहायच्या. चौघांचं प्रमाण जुळलं की गुदगुल्या थांबत, काटा मधल्या शून्यावर येई आणि मुली टाळ्या पिटत.

"म्हणजे नाचलो तर कौतुक नाही, थांबलो की टाळ्या," काट्याच्या डोक्यात उजेड पडला. "मग नाचायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्यापासूनच अंग आवळून धरलं. प्रवाह धो धो आला. हसू पोटात मावेना, तरी पठ्ठ्या शून्यावर गच्च.

टाळ्या काही पडल्या नाहीत. बाईंनी चौथा रोध भलताच वाढवून पाहिला, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा गेला गं. मोडीत काढा."

ते ऐकून काट्याचा धीरच सुटला. दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम फुटलं आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत असा थयथय नाचला की मुलींची हसून मुरकुंडी वळली.

"मेला जिवंत आहे की!" म्हणत बाई पुन्हा रोध फिरवू लागल्या. नाचता नाचता काटा शून्यावर आला. या खेपेला त्यानं स्वतःला धरलेलं नव्हतं.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.