फटीतली काडी

एका धरणाच्या इशारा-केंद्रात यशवंत बोराटे नावाचा एक इंजिनिअर होता. कामात पक्का, पण संशयाने पार पोखरलेला. चहा वेळेआधी आला तरी त्याला वाटायचं, आज नक्की काहीतरी शिजतंय!

केंद्रातलं काम मोठं जोखमीचं. धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की इशारा निघायचा, तो एकच. तो स्विच नावाच्या यंत्रात यायचा, आणि स्विच त्याच्या प्रती काढून नदीकाठच्या बावीस गावांच्या भोंग्यांना धाडायचा. कोणकोणत्या गावाने इशारा मागितलाय, याची यादी स्विचमध्येच असायची. यादीत नाव नाही, तर भोंगा मुका. एक स्विच बंद पडला म्हणून गावं बुडायला नकोत, यासाठी शेजारीच दुसरा स्विच बसायचा होता, अगदी जुळा. दोघांमध्ये एक केबल. पहिल्याची यादी या केबलवरून दुसऱ्यात उतरत राहणार, म्हणजे पहिला पडला तरी दुसरा लगेच काम उचलणार.

पहिला स्विच बोराटेच्या ताब्यात होता. दुसरा लावायला सुलभा काळसेकर नावाची इंजिनिअर बदलून आली. आल्या आल्या ती म्हणाली, "बोराटेसाहेब, तुमची यादी माझ्या स्विचमध्ये येऊ द्या."

झालं! बोराटेच्या मनात पाल चुकचुकली. तीन वर्षं गावोगाव पायपीट करून वहीत यादी जमवली मी, आणि ही ती आयती घेऊन साहेबांपुढे मिरवणार? त्याने केबल जोडली, पण यादी पलीकडे जाण्याची वाट गुपचूप बंद ठेवली. वर हिरवा दिवा लागला. बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसायचं.

"माझ्याकडे यादी कोरीच आहे," सुलभा म्हणाली. "एकदा तुमचा स्विच बंद करून बघू या का?"

माझा स्विच बंद पाडायचा डाव आहे तर, बोराटे मनात म्हणाला. वरकरणी हसून तो बोलला, "पावसाळा सरला की बघू."

सुलभाने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "बोराटे आहेत ना? मग काळजी नको."

एवढ्यावर बोराटेचं समाधान कुठलं होणार! त्याने आपल्या स्विचभोवती पत्र्याचं कपाट करून घेतलं, त्याला कुलूप ठोकलं आणि दाराच्या फटीत आगपेटीची काडी खोचून ठेवली. कोणी दार उघडलं तर काडी पडेल. रोज सकाळी तो आधी काडी बघायचा, मग डबा ठेवायचा.

त्याची थोरली बहीण आक्का धरणाच्या पायथ्याशी उंबरवाडीत एकटी राहायची. तिलाही त्याने बजावून ठेवलं होतं, "भोंगा वाजला तरच घर सोड. फोनवर कोणी काहीही सांगेल. अगदी माझा आवाज काढेल!"

श्रावणात धरण काठोकाठ भरलं. दुपारी तीनला दरवाजे उघडणं भाग होतं, थांबायची सोय नव्हती. पावणेतीनला इशारा निघाला. पण एकही भोंगा वाजला नाही.

बोराटे कपाटाकडे धावला. काडी जागच्या जागी होती. तिला कोणी कधी शिवलंच नव्हतं. कुलूप काढलं तर आतून भट्टीसारखी धग आली. बंद कपाटात वारा न मिळाल्यामुळे स्विच तापून मेला होता. दुसऱ्याने काम उचललं होतं, पण त्याची यादी कोरी. इशारा धाडायचा कोणाला?

बोराटेच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आक्काला फोन लावला. "आक्का, पाणी येतंय! टेकडीवर पळ!"

"कोन बोलतंय?" आक्का म्हणाली. "भोंगा तर वाजला न्हाई. माझ्या भावानं सांगून ठेवलंय मला. मी न्हाई हलायची."

"अगं मीच तो! तुझा यशवंता!"

"असंच म्हनतील, असं बी सांगितलंय त्यानं."

बोराटेला रडूच कोसळलं. त्याने खिशातली वही काढून सुलभाच्या हातात दिली. "मॅडम, यादी मीच अडवली होती. घाला यातली नावं."

वही उघडून सुलभाने एवढंच विचारलं, "पाणी आधी कुठे पोचणार?"

"उंबरवाडीला."

तिने ते नाव आधी घातलं आणि इशारा पुन्हा सोडला. बोराटेच्या कानाला फोन तसाच होता. त्यातून भोंग्याचा आवाज आला, आणि मागोमाग आक्काचा, "आगं बया, खरंच की!"

बाकीची नावंही लगोलग घातली गेली, आणि बावीसही गावांची माणसं वाचली. आक्काच्या गोठ्यातल्या दोन शेळ्या तेवढ्या वाहून गेल्या. त्या सोडवायला तिला वेळच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोराटे मान खाली घालून तिच्यापुढे उभा राहिला. आक्का म्हणाली, "यशवंता, मला भोंग्यानं वाचवलं. तुझ्या बोलावर भरवसा ठेवायचा न्हाई, हे तर तूच मला शिकवलंस."

त्याच संध्याकाळी बोराटेने कपाटाची दारं उतरवली, मेलेल्या स्विचच्या जागी नवा बसवला, यादीची वाट मोकळी केली आणि सुलभाला म्हणाला, "मॅडम, आता माझा स्विच बंद करा. चाचणी घेऊ या."

तात्पर्य: जोडीदारापासून जे लपवून ठेवावं, ते ऐन वेळी आपल्याही उपयोगी पडत नाही; आणि संशयी माणसावर शेवटी त्याची सख्खी माणसंही विश्वास ठेवत नाहीत.