सिंहाची नाकपुडी

करंजवडी संस्थानच्या राजेसाहेबांची मोटार फर्लांगभर चालली की बंद पडायची, आणि तिच्यात काहीही बिघाड नव्हता.

बिघाड नव्हता, कारण तसं राजेसाहेबांनीच फर्मावलं होतं. मोटार त्यांनी स्वतः निवडून विलायतेहून मागवली होती. तिला पुष्कळ वर्षं झाली होती, पण राजेसाहेबांची निवड म्हातारी होत नसते. आधीच्या ड्रायव्हरला हे उमगलं नाही. त्याने बिघाड आहे असं तोंडावर सांगितलं. आता तो हत्तीखाना झाडत होता आणि हत्तींबद्दल चांगलंच बोलत होता.

त्याच्या जागी शिदू माने आला. मोटार ऐटीत निघायची, खोकायची, गप्प व्हायची. जरा वेळ रस्त्याकडेला उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायची. तेवढा वेळ राजेसाहेब समोरच्या झाडाकडे टक लावून बघत बसायचे, जणू ते झाड बघायलाच बाहेर पडले होते. कारभारीही मान डोलावून झाडाची तारीफ करायचे.

अशात शेजारच्या संस्थानच्या राजांचा निरोप आला : उद्या येतो, आपल्या मोटारीतून डोंगरावरच्या बंगल्यावर जाऊ.

राजेसाहेबांनी शिदूला बोलावलं.

"उद्या मोटार वाटेत कुठेही थांबता कामा नये."

"सरकार, मग जरा खोलून बघावी लागंल."

"खोलून? बिघाड आहे का तिच्यात?"

शिदूला हत्तीखाना आठवला. "न्हाई सरकार."

"मग खोलायचं कशाला? तिचा एक भाग काढायचा नाही, एक भाग नवा घालायचा नाही. आणि थांबली, तर तू संस्थानाच्या हद्दीबाहेर."

शिदू घरी आला तो भिंतीला पाठ टेकून बसला. त्याची बायको आवडाबाई चुलीपाशी होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे आजार न्हाई, पण औषध पायजे. आणि औषध द्यायचं न्हाई."

"तुला चेष्टा सुचतीय."

"मग काय रडू? मोटार असं कधीपासनं करतीय?"

"आधीचा ड्रायव्हर म्हणत होता, दसऱ्यापासनं. मी प्लग पुसले, नळी फुंकली, कार्बोरेटर धुतला. पेट्रोल टाकीत भरपूर, आणि इंजिनापर्यंत येतच न्हाई. थोडं येतं, मग बंद."

"आणि उभी ऱ्हायली की पुन्यांदा येतं?"

"व्हय."

आवडाबाईने हातातली पळी खाली ठेवली. "चला, मला दाखवा."

राजेसाहेबांच्या मोटारीत बसायची तिला मुभा नव्हती, म्हणून ती मागून चालत निघाली. मोटारीचा लौकिक पाहता फार घाई करायची गरज नव्हती. वाड्यामागच्या रस्त्यावर मोटार खोकून थांबली, आणि आवडाबाई निवांत येऊन पोचली. तिने मागच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढली.

"आता लगेच चालू करा."

मोटार लगेच सुरू झाली. झाकण लावलं, थोडी पुढे गेली, थांबली. झाकण उघडलं, पुन्हा सूंऽऽ, पुन्हा सुरू.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं?" तिने विचारलं.

"अडखळत. हवेला दुसरं भोक लागतं की." आणि शिदूच बोलता बोलता थांबला.

दोघांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. आतून पितळेत बारीक भोक होतं. वरून मात्र चांदीचा पत्रा. दसऱ्याला राजेसाहेबांच्या हुकुमाने सोनाराने त्यावर राजचिन्हाचा सिंह बसवला होता. सिंह रुबाबदार होता. त्याने भोक मात्र गच्च झाकलं होतं.

"सिंहाला हात लावला तर जीव जाईल माझा," शिदू म्हणाला.

"तुम्ही नका लावू." आवडाबाईने घरून दाभण आणला, आतल्या भोकातून नीट धरला आणि दगडाने हलकेच ठोकला. टोक बरोबर सिंहाच्या नाकातून बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी मोटार दोन्ही राजांना घेऊन थेट डोंगरावर गेली. वाटेत एकही झाड बघावं लागलं नाही. पाहुणे खूश झाले. राजेसाहेब त्याहून खूश झाले, पण परत आल्यावर त्यांची नजर झाकणावर गेली. त्यांनी शिदूला आणि त्याच्या बायकोलाही बोलावून घेतलं.

"आमच्या सिंहाला भोक कुणी पाडलं?"

"मी, सरकार," आवडाबाई म्हणाली.

"म्हणजे मोटारीत बिघाड होता म्हण की."

"बिघाड कुठला, सरकार? मोटार धडधाकट. सिंहाला नाक होतं, नाकपुडी नव्हती. त्याचा दम कोंडला की मोटारपण आदबीनं थांबायची."

कारभाऱ्यांना खोकला आला. राजेसाहेबांची मिशी हलली, पण ते हट्टाला पेटले.

"काही काढायचं नाही, हा आमचा हुकूम होता."

"सगळं जिथल्या तिथं हाय. मोजून घ्यावं."

"काही घालायचंही नाही असं बजावलं होतं. तू हे भोक घातलंस."

"घातलं असंल, तर सरकारांनी काढून घ्यावं," आवडाबाई म्हणाली. "मी परत घरी नेते."

राजेसाहेबांनी भोकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि असे हसले की बाहेरचे भालदार आत डोकावले. डोळे पुसत ते म्हणाले, "शिदू, तुझी नोकरी कायम. आणि आमच्या सिंहाला नाकपुडी देणाऱ्या बाईला दरबारातून सोन्याची नथ. कारभारी, सोनाराला बोलवा."

"सरकारांची कृपा," आवडाबाई पदर सावरत म्हणाली. "फकस्त सोनार दुसरा बघावा. मला श्वास घ्यावा लागतो."