आनशीबायची लाल माडी

फार वर्षांपूर्वी, होडीच्या भाड्याला नारळ दिलेला चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठच्या तारकोंड गावात आनशी नावाची भंडारीण राहायची. तिचा नवरा धाकू माडावर चढून माडी काढायचा आणि ती माडाखाली उभी राहून त्याला रागवायची. संसार सुखाचा होता.

त्यांची एकुलती लेक तानू. तिनं जत्रेत पलीकडच्या काठाचा एक मुलगा पाहिला आणि लग्न करीन तर ह्याच्याशीच, म्हणून हटून बसली. मुलगा सोन्यासारखा, पण त्याचा बाप बाबल मयेकर! त्याच्या नुसत्या बघण्यानं दूध नासायचं, असं म्हणतात.

त्या काळी सोयरीक ठरायची ती माडीवर. दोन्ही व्याह्यांनी एकाच करवंटीतून गोड माडी प्यायची, की झालं. माडी गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना फासतात. धाकू लेकीच्या आनंदात गाणी म्हणत माडावर चढला आणि चुना फासायचाच विसरला. त्यात वारा पडला. मयेकरांची शिडाची होडी सकाळी यायची, ती दुपार कलल्यावर आली. तोवर माडी अशी आंबली, की मडकं आपलं आपण फसफसत होतं.

बाबलनं वास घेतला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "आंबट माडयेर सोयरीक जुळना नाय. चला!"

दाराआड तानूनं तोंडात पदर कोंबला. पण आनशी हातपाय गाळणारी बाई नव्हती. सार आंबट झालं म्हणून कोण ओतून देतं? ती बाहेर आली नि म्हणाली, "वायच बसा. पाव्हण्यांका सुक्या तोंडान धाडूचंय नाय मी."

तिनं मडक्यात गूळ घातला, शहाळ्याचं पाणी ओतलं, आलं-मिरची ठेचून टाकली. आणि वर कोकमाचं आगळ!

"गे, आंबटात आंबट?" धाकू ओरडला.

"तुमी गप ऱ्हवा. वायट आंबट मोडूक बरा आंबटच व्हया."

माडी जास्वंदीसारखी लाल झाली. बाबलनं नाइलाजानं एक घोट घेतला. डोळे मिटले, भुवया चढल्या, कान हलले, आणि स्वतःच्या लग्नातही न हसलेला तो माणूस खो खो हसत सुटला. "बाये, अजून वायच घाल!"

मग काय! अख्खं गाव प्यायलं तरी मडक्याचा तळ दिसेना, असं म्हणतात. माडांनी वाकून झावळ्या बुडवल्या. उरलेली माडी खाडीत सांडली, तेव्हापासून तांबोशी मासा लाल झाला, असंही म्हणतात. बाबल मात्र घरी जायचं नावच काढीना. शेवटी तानूलाच त्याला सांगावं लागलं, मामंजी, आता होडीत बसा.

पुढं शहरातल्या हॉटेलवाल्यांनी हेच सगळं मोजूनमापून मिसळून पाहिलं. चांगलं लागतं, पण कुणी हसत नाही. तारकोंडला अजून सोयरिकीच्या दिवशी मुलीची आई मडक्यापाशी बसते. आगळ हातात धरून, सगळ्यांच्या देखत, मुलाकडे बोट दाखवून लेकीला विचारते, "ह्यो व्हयो मा गे तुका?" मुलगी हो म्हणाली, तर "आनशीबाय, हात लाव" म्हणत आगळ ओतते, आणि अंगणभर हसू उसळतं. नाही म्हणाली, तर मडकं माडाच्या बुंध्याशी रिकामं करतात, पाहुण्यांना पोटभर जेवू घालतात आणि होडीपर्यंत पोचवून येतात. आनशीबायच्या गावात त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.