मकरंदचं न फुटणारं कूट

“म्हणजे हे कूट कुणालाच फुटणार नाही म्हणतोस?”

“नाही बुवा. रात्रीचा दिवस केला, मला स्वतःलाच फोडता आलं नाही!”

मकरंद छाती फुगवून बसला होता. समोर निरंजनबुवा शेंगा सोलत होते. पूर्वाश्रमीचे ते गणिताचे प्राध्यापक. आता टेकडीवरच्या मठातून, रेंज असेल तेव्हा, क्रिप्टोग्राफीचा फुकट ऑनलाइन वर्ग घेत. निरोप असा कसा लिहावा की ज्याचा त्यालाच वाचता यावा, हे शिकवत. मकरंदनं सगळे धडे संपवले आणि लगेच स्वतःचं कूट, म्हणजे गुप्त लिपी, रचलं. पोरगं हुशार, यात वादच नाही. पण हुशारी जरा डोक्यात गेलेली.

“सोमवारपासून ताईच्या संस्थेत हेच लावतोय,” तो म्हणाला. “घर सोडून आलेल्या बायकांचे पत्ते यात राहतील. नवऱ्यांच्या हाती लागले, तर जीव घेतील त्यांचा. फक्त तुमचा आशीर्वाद हवा.”

बुवांचा हात थांबला.

“वर्गात कुणाला दाखवलंस?”

“छे! दाखवलं तर फोडायला बसतील ना.”

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“बुवा?”

“जरा स्वतःला गुदगुल्या करून दाखव.”

मकरंद बावरला. पण गुरूंची आज्ञा. त्यानं बगलेत बोटं घालून बरीच चाळवली.

“येतंय हसू?”

“अजिबात नाही.”

“म्हणजे तुला गुदगुल्या होतच नाहीत.”

“नसतील होत...”

बुवा पुढे सरकले आणि काही कळायच्या आत त्यांनी त्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

मकरंद किंचाळला. लोळला. शेंगांचं सूप उलथलं. “बुवा, पुरे! पाया पडतो तुमच्या!” बुवाही खदखदून हसत होते.

हसू ओसरलं. मकरंद शेंगा गोळा करू लागला, आणि मध्येच थबकला. ताईकडच्या त्या बायका डोळ्यांपुढे आल्या. आपल्याला फुटलं नाही, म्हणून त्यांच्या नवऱ्यांनाही फुटणार नाही थोडंच!

तिथूनच त्यानं फोन लावला. “ताई, सोमवारी माझं कूट नको. जगभरचे लोक फोडून फोडून थकलेत असं एक आहे, तेच लावू.”

फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता. बुवांना पोराची फार माया आली. सोललेले दाणे त्यांनी त्याच्या ओंजळीत ओतले.

“आणि माझ्या कुटाचं काय करू, बुवा?”

“वर्गात मांड,” बुवा म्हणाले, “आणि दोन्ही हात वर करून उभा राहा.”